सरांच्या नावाची शिष्यवृत्ती : तीस वर्षांनंतरच्या कारकुनासाठी लिहा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात सरांनी ३३ वर्षं गणित शिकवलं. गेल्या वर्षी सर गेले. जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर एकत्र येऊन ११ लाख रुपये जमवले आहेत. बहुतेकांना वाटतं, विद्यापीठात एम.एस्सी. गणितात पहिल्या येणाऱ्याला सरांच्या नावाचं सुवर्णपदक द्यावं. काहींना वाटतं, गावच्या कॉलेजातल्या मुलांना मदत करावी. चार-पाच जण परदेशात आहेत. विचारलंय ते असं : अर्ज कुणाकडे करायचा, एवढी रक्कम पुरेल का, आणि वेगळा ट्रस्ट काढावा का?

जाता जाता एक गोष्ट तुम्ही लिहिली आहे, ती मला सगळ्यात कामाची वाटली. शनिवारी शेवटचा तास संपताना सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गणित लिहायचे, भोवती चौकट काढायचे आणि शिपायाला बजावायचे, "एवढं पुसू नको." सोमवारी जो ते सोडवून आणेल त्याला घेऊन कँटीनला चहाला जायचे. या चौकटीकडे मी पुन्हा येणार आहे.

मी एका विद्यापीठाच्या लेखा विभागात २८ वर्षं होतो. त्यातली ११ वर्षं देणगी निधीच्या टेबलावर गेली. कुणाच्या तरी नावाची पदकं, पारितोषिकं, शिष्यवृत्त्या, व्याख्यानमाला असं सगळं त्या टेबलावरून जायचं. निवृत्तीनंतर तुमच्यासारख्या चार-पाच गटांना मसुदे करून दिले. तेव्हा जे सांगतो ते टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलेलं आहे.

टेबलाचा ताबा घेतला तेव्हा लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर माझ्याकडे आलं. एका पानावर एक निधी. त्यातलं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. १९७४ साली एका प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांनी ५,००१ रुपये दिले होते. पदार्थविज्ञानात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या रकमेच्या व्याजातून पारितोषिक. त्या काळी नव्या वेतनश्रेणीत लेक्चररची सुरुवात ७०० रुपयांवर व्हायची, म्हणजे सात महिन्यांचं मूळ वेतन त्यांनी एकत्र केलं होतं. केवढी मोठी गोष्ट! मी आलो तेव्हाही त्या पानावर वर्षाला तीनशेच्या आसपासच व्याज जमा होत होतं. त्या वर्षीचा मानकरी विद्यार्थी दीडशे किलोमीटरवर राहायचा. त्यानं धनादेश भरलाच नाही. सहा महिन्यांनी तो बाद झाला आणि मी रक्कम परत निधीत वळती केली. (आता तर धनादेशाची मुदत तीनच महिने आहे.) त्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, ते सर कोण होते?"

त्याचा काय दोष? आमच्यातही कुणाला माहीत नव्हतं. फाईलमध्ये एक ठराव, एक पावती आणि सरांच्या नावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं, एवढंच होतं.

म्हणून कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी पहिल्यांदा सांगतो : हा कागद तुमच्यासाठी लिहायचा नाही. सरांच्या कुटुंबासाठी नाही, कुलगुरूंसाठीही नाही. ३० वर्षांनी त्या टेबलावर जो मुलगा किंवा मुलगी बसेल, जिनं सरांना पाहिलेलं नसेल आणि जिच्याकडे अशा साठ फायली असतील, तिच्यासाठी लिहायचा. तिला एकही फोन न करता दरवर्षी योग्य हातात योग्य वेळी पैसे देता आले, तर शिष्यवृत्ती जगते. तिला अडखळायला लागलं की ती फाईल ढिगाच्या तळाशी जाते.

आता सुवर्णपदक. मी विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. १९९५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आत मिळायचं, आज ते लाखाच्या वर आहे. त्या काळी ज्यांनी सुवर्णपदकासाठी ठेवी ठेवल्या, त्यातल्या बहुतेक पदकांना आज सोन्याचा नुसता मुलामा आहे, काहींचं तर नुसतं प्रमाणपत्र उरलंय. हा झाला पैशांचा मुद्दा. त्याहून मोठा मुद्दा वेगळाच आहे. एम.एस्सी.ला पहिला आलेला विद्यार्थी तुमच्या पदकामुळे गणित शिकलेला नसतो. निकाल लागला, त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी दीक्षान्त समारंभ झाला, तोवर तो कुठेतरी पीएच.डी.ला लागलेला असतो किंवा पुण्यात नोकरीला. पदक घ्यायला त्याचे वडील येतात. फोटो छान येतो. पण तुमच्या सरांनी ३३ वर्षं ज्या मुलांवर घालवली, ती ही मुलं नव्हेत.

ती मुलं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतात. तिथे गळती होते. पहिल्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र असं घेऊन आलेला हुशार पोरगा दुसऱ्या वर्षी मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी पाच ते दहा उभा राहायला लागतो. शनिवारचं गणित सोडवायला रविवार लागतो, आणि रविवारी दुकानात डबल पाळी. गणित हा तसा स्वस्त विषय. केमिस्ट्रीसारखी रसायनं नकोत, झूलॉजीसारख्या सहली नकोत. वही, पेन, दोन-चार चांगली पुस्तकं आणि मोकळा वेळ. यातला मोकळा वेळच महाग असतो. वर्षाला २५-३० हजार रुपये एखाद्या मुलाला मिळाले, तर त्यानं विकत घेतलेली वस्तू म्हणजे पाच ते दहा ही वेळ. एम.एस्सी. टॉपरला तेच २५ हजार दिले तर तो मोबाईल घेईल. घेऊ दे बापडा, पण सरांचं नाव त्यासाठी कशाला?

सरकारी योजना आहेतच की, असं ग्रुपवर कुणीतरी म्हणेल. आहेत. केंद्राची इन्स्पायर आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची, पण ती मुख्यतः बारावीला आपल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात असणाऱ्यांसाठी. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शुल्काच्या योजना आहेत. शुल्क भागतं, पण खोलीभाडं, मेस आणि पुस्तकं भागतातच असं नाही. आणि ते पैसे खात्यात कधी पडतील ते अर्ज भरणाऱ्या पोराला विचारा. तुमची रक्कम सरकारच्या रकमेपुढे लहान आहे. तिला वेळेवर येण्याचाच काय तो फायदा घेता येईल. तेव्हा नियमात 'प्रतिवर्षी' एवढंच लिहून सोडू नका. 'दरवर्षी ३१ जुलैपूर्वी' असं लिहा. फेब्रुवारीत समारंभात मिळणारा पैसा गौरवाचा असतो, जुलैत मिळणारा पैसा उपयोगाचा.

आता आकडे. ११ लाख कायम ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ७१,५०० रुपये व्याज. हे सगळं वाटू नका. वाटलंत तर त्या लाल रजिस्टरातलं पान होतं. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर १२ वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी होते, २४ वर्षांत चौथाई. व्याजाचा २० टक्के भाग, म्हणजे १४,३०० रुपये, दरवर्षी मूळ निधीत परत घाला. उरले ५७,२००. दोन मुलांना प्रत्येकी २८,६००. यानंही महागाई पूर्ण भरून निघत नाही, निधी वर्षाला जेमतेम १.३ टक्क्यानं वाढतो. पण २५ वर्षांनी वाटायची रक्कम ५७ हजारांवरून ७९ हजारांवर गेलेली असेल. नुसत्या व्याजावर ती जागच्या जागीच राहिली असती.

त्यातही व्याजदराचं खरं नाही. २०१३ च्या आसपास मोठ्या बँका लांब मुदतीच्या ठेवीवर साडेआठ-पावणेनऊ टक्के देत होत्या. २०२१ मध्ये स्टेट बँकेचा पाच वर्षांवरचा दर ५.४ टक्के होता. त्यामुळे नियमात रुपयांचा आकडा कधीही लिहू नका. 'दरवर्षी ३०,००० रुपये' लिहिलंत आणि व्याज कमी आलं, तर लेखा विभाग हात वर करतो. व्याज जास्त आलं तरी तुम्हाला ३०,०००च. 'मागील आर्थिक वर्षात जमा झालेल्या व्याजाच्या ८० टक्के रक्कम, दोन विद्यार्थ्यांत समान' असं लिहा.

एक दुसरा मार्गही सांगतो. लोकांना तो आवडत नाही, मला आवडतो. 'यावच्चंद्रदिवाकरौ'चा हट्ट सोडा. ११ लाख १५ वर्षांत व्याजासकट संपवायचे ठरवले, तर त्याच साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साधारण १,१७,००० रुपये वाटता येतात. म्हणजे दोनाऐवजी चार मुलं, १५ वर्षांत ६० मुलं. त्यातल्या पाच-दहा जणांनी पुढे हात लावला तर निधी पुन्हा उभा राहील. नाही लावला तर १५ वर्षं पुरेशी आहेत. सरांना ओळखणारी माणसं तोवर साठी-सत्तरीला आलेली असतील, आणि शेवटचा धनादेश देतानाही कुणाला तरी सर आठवत असतील. ग्रुपवर मांडून बघा. भांडण होईल, पण ते आत्ताच झालेलं बरं.

पैसे ठेवायचे कुठे? विद्यापीठात, कॉलेजच्या शिक्षणसंस्थेत, की स्वतःच्या ट्रस्टमध्ये, असे तीन पर्याय आहेत.

ट्रस्टचं आधी उडवून लावतो. सार्वजनिक न्यास म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी, तिचं नूतनीकरण. ११ लाखांच्या निधीला हा संसार परवडत नाही. व्याजाचा मोठा लचका सीए आणि कागदपत्रंच खातात. शिवाय पहिली पाच वर्षं उत्साही असलेला सचिव सहाव्या वर्षी मुलीच्या लग्नात अडकतो. ५० लाखांच्या पुढे असता तर बोललो असतो.

विद्यापीठात ठेवलंत तर पैसा सुरक्षित. प्रस्ताव कुलसचिवांच्या नावानं द्यायचा, तो वित्त व लेखा विभागातून फिरतो, व्यवस्थापन परिषदेत मंजूर होतो आणि मग नियमावलीत छापला जातो. देणगीची किमान रक्कम किती, प्रशासकीय खर्चासाठी ते किती कापतात, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. जाण्यापूर्वी चालू नियमाची प्रत मागून घ्या. तोंडी आकड्यावर जाऊ नका. अडचण एवढीच की विद्यापीठाचा पसारा मोठा. दोनशे-अडीचशे कॉलेजांतून अर्ज मागवायचे, छाननी करायची, म्हणजे मग सोपा मार्ग म्हणून सगळं 'प्रथम क्रमांका'वर येऊन थांबतं. यंत्रणेला गुणपत्रिका वाचता येते, मुलगा वाचता येत नाही.

तुमच्या हेतूला कॉलेजच जवळचं आहे. सर तिथेच शिकवत होते. गणित विभागात आजही कुणीतरी सरांचाच विद्यार्थी शिकवत असेल. धोका एकच : संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात पैसे मिसळले की ते सापडत नाहीत. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या. एक, देणगी 'मूळ निधीसाठी' दिली आहे असं देणगीदाराचं पत्र आणि पावतीवर तसा उल्लेख. दोन, स्वतंत्र मुदत ठेव, पावतीवर शिष्यवृत्तीच्या नावासकट. तीन, संस्थेच्या वार्षिक हिशेबात या निधीची वेगळी ओळ. ही ओळ दरवर्षी छापली जाते, त्यामुळे कुठलाही माजी विद्यार्थी ती बघू शकतो. त्याहून चांगला पहारेकरी मला ठाऊक नाही.

आता एक नाजूक प्रश्न : ते ११ लाख या क्षणी कुणाच्या खात्यात आहेत? तुम्ही लिहिलं नाही, पण बहुधा तुमच्याच बचत खात्यात असतील. नेहमी असंच होतं. त्यात गैर काही नसतं, पण ते लवकर संपवा. नाव, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक अशी यादी आजच करा. तुम्ही एकरकमी ११ लाखांचा धनादेश संस्थेला दिलात तर पावती तुमच्या नावे फाटेल, आणि ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलतही कागदोपत्री तुमचीच होईल. ज्यांना सवलत हवी आहे त्यांचे पैसे परत करून त्यांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावे, पॅनसकट. संस्थेकडे ८०जीची चालू मान्यता आहे का, ते आधी पाहा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना तर ८०जीचा उपयोगच नाही, त्यामुळे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची चौकशी आपोआप मिटेल. विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती करमुक्त असते, तिथे घाबरण्यासारखं काही नाही.

परदेशातल्यांचं नीट ऐका, कारण इथे चूक महागात पडते. दुबईत किंवा अमेरिकेत राहणारा, पण अजून भारतीय पासपोर्ट असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन फाईलला लावा. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याचे पैसे मात्र परदेशी योगदान ठरतात, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असो की मनानं तो कितीही सांगलीकर असो. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. तालुक्याच्या संस्थेकडे ही नोंदणी सहसा नसते. 'माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल' हा उपाय कुणीतरी सुचवेलच. करू नका. तुमच्या अमेरिकन नागरिक मित्रांना वेगळं काम द्या. महिन्यातून एकदा ऑनलाइन तास घ्या म्हणावं. माझ्या मते ते पैशांपेक्षा जड आहे.

निवड कशी करायची, इथे बहुतेक गट घसरतात. मसुद्यात 'होतकरू, गरीब व गुणवंत' असं लिहितात. टेबलावरच्या मुलीनं याचं काय करायचं? गरीब म्हणजे किती उत्पन्नाचा? दाखला तहसीलदाराचाच हवा का? गुणवंत म्हणजे कुठल्या सत्राचे गुण? शिवाय हल्ली सीजीपीए असल्यानं तीन-तीन मुलं बरोबरीत येतात, आणि बरोबरीत काय करायचं हे लिहिलेलंच नसतं. मी एक निधी असा पाहिला की बरोबरी झाली म्हणून सलग दोन वर्षं कुणालाच दिला गेला नाही.

आणखी एक किस्सा त्याच रजिस्टरातला. एका निधीची अट होती : गोलीय त्रिकोणमितीच्या पेपरात सर्वाधिक गुण. देणाऱ्याच्या सरांचा तो आवडता विषय. अभ्यासक्रम बदलला, पेपर गेला. नऊ वर्षं व्याज नुसतं साठत राहिलं. अट बदलायला देणगीदाराची संमती हवी, देणगीदार हयात नाहीत, वारस सापडत नाहीत. शेवटी वारस सापडले, ठराव झाला, त्याला अडीच वर्षं गेली. तेव्हा पेपरचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, 'भाग २' असले शब्द अटीत घालू नका. नव्या शैक्षणिक धोरणानं तर वर्षांची मोजणीच बदलली आहे. 'पदवीच्या दुसऱ्या वर्षात गणित हा मुख्य किंवा दुय्यम विषय घेतलेला विद्यार्थी' पुरे. आणि पुढे एक वाक्य : असा विषय उरला नाही तर त्याच्या सर्वांत जवळच्या विज्ञान विषयासाठी, विभागप्रमुख आणि प्राचार्यांच्या संयुक्त निर्णयानं. या एका वाक्यानं अडीच वर्षं वाचतात.

जात, पोटजात, आडनाव, 'देणगीदारांच्या नात्यातल्यांना प्राधान्य' असल्या अटींवर शाई वाया घालवू नका. मुलींसाठी एक जागा ठेवायची असेल तर जरूर ठेवा. पण मुलगी नसेल त्या वर्षी ती जागा कुणाला जाईल, तेही लिहा.

आता ती चौकट. आपल्याकडे याला फार चांगला पूर्वज आहे. फर्ग्युसन कॉलेजात रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं एक पारितोषिक होतं. परांजपे १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. ते पारितोषिक गणितातल्या स्वतंत्र कामासाठी दिलं जायचं. १९२७ साली ते डहाणूकडच्या एका विद्यार्थ्याला मिळालं, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पुढे हाच माणूस १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवत राहिला. ६१७४ या आकड्याची गंमत यांचीच. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करत राहा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करा). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरून हा माणूस कुणाला सापडला असता असं मला वाटत नाही. पारितोषिक कामासाठी होतं म्हणून सापडला. एका शिक्षकाच्या नावाचं बक्षीस दुसऱ्या शिक्षकाच्या हाती पडलं. आणि हो, परांजपे तेव्हा हयात होते. सर जिवंत असतानाच त्यांच्या नावानं काही करता येतं, हे इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मग तुम्ही असं करा. ऑगस्ट ते फेब्रुवारी दर शनिवारी गणित विभागाच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीत एक गणित. आठवड्याला एक, सुट्ट्या वजा जाता वर्षाला वीसेक. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ती स्वतःच्या हस्ताक्षरात एका वहीत सोडवायची, चुकलेले प्रयत्नही न खोडता. मार्चमध्ये वही विभागात द्यायची. विभागप्रमुख, बाहेरच्या कॉलेजातला एक गणिताचा शिक्षक आणि एक माजी विद्यार्थी अशा तिघांनी वह्या वाचायच्या आणि निवडलेल्या पाच-सहा मुलांशी प्रत्येकी अर्धा तास गप्पा मारायच्या. चहा घेत, फळ्याजवळ. त्यातून दोघं निवडायचे. दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला की जुलैत खात्यात रक्कम. वर्षाअखेरीस विभागप्रमुखांचं 'अभ्यास चालू आहे' एवढं पत्र आलं की तिसऱ्या वर्षाला पुन्हा. पैकीच्या पैकी गुणांची अट नको. नापास झाला तर? एक सत्र थांबा, काढून टाकू नका. बी.एस्सी.ला एखादा विषय राहिलेली आणि पुढे उत्तम शिकवणारी माणसं मी पाहिली आहेत.

एकदा तिसऱ्या वर्षाला लावलंत म्हणजे एका वेळी चार मुलं होतात, दोन दुसऱ्या वर्षाची आणि दोन तिसऱ्या वर्षाची. तेव्हा कायम निधी ठेवणार असाल तर दरवर्षी एकच नवा मुलगा निवडा. १५ वर्षांचा मार्ग घेतलात तर दोघं परवडतात, मात्र मग एकूण मुलं साठ नाही, तीसेक होतील. हे गणित आत्ताच ठरवा. दुसऱ्या वर्षी 'पैसे कमी पडले' असं मुलाला सांगायला लागू नये.

उत्पन्नाची अट घालू का, असं विचाराल. माझा कल 'नको'कडे आहे. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या मुलांत लखपती फारसे नसतात. दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन दिवस घालवायला लावून आपण काय मिळवतो? आणि 'माझी परिस्थिती' असा निबंध तर चुकूनही मागू नका. वही आणि बँक पासबुकाची प्रत, एवढेच दोन कागद.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी निधीतून थोडी रक्कम, समजा पाच हजार, बाजूला ठेवा. जामचं (आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचं) शुल्क, मुलाखतीचा प्रवास, उन्हाळी शिबिराचं रेल्वेभाडं यासाठी. एमटीटीएससारखी गणिताची शिबिरं १९९३ पासून चालू आहेत. माधव गणित स्पर्धा तर पुण्यातलं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात, खास पदवीच्या मुलांसाठी. तालुक्यातल्या मुलांना ही नावंच ठाऊक नसतात. ठाऊक झाली तर तिकिटाचे पैसे नसतात. तिकिटाचे पैसे असले तरी घरचे सोडत नाहीत, पण 'सरांच्या निधीतून तिकीट काढलंय' म्हटलं की सोडतात. हे मी दोनदा पाहिलंय.

मसुदा कसा दिसावा, त्याचा एक तुकडा देतो. तुमच्या सरांचं नाव तुम्ही घाला, स्पेलिंग निवृत्तिवेतनाच्या कागदावरून घ्या, आणि कै., प्रा., डॉ. यातलं काय लावायचं ते घरच्यांना विचारा :

"या निधीच्या मागील आर्थिक वर्षातील व्याजाच्या ८० टक्के रक्कम दरवर्षी ३१ जुलैपूर्वी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावी. २० टक्के रक्कम मूळ निधीत मिळवावी. निवड समितीतील माजी विद्यार्थ्याची जागा रिकामी झाल्यास यापूर्वी ही शिष्यवृत्ती मिळालेल्या व्यक्तीस बोलवावे. एखाद्या वर्षी योग्य विद्यार्थी न मिळाल्यास ती रक्कम पुढील वर्षी वाटावी, मूळ निधीत घालू नये. दोन वर्षे सलग वाटप न झाल्यास प्राचार्यांनी कारण लेखी नोंदवून वार्षिक अहवालात छापावे. दर पाच वर्षांनी समितीने हे नियम वाचून, हेतू कायम ठेवून, आवश्यक ते बदल सुचवावेत."

यासोबत फाईलच्या पहिल्या पानावर सरांबद्दल एक पान लावा. जन्म, शिक्षण, पुरस्कार हे दोन ओळींत आटपा. बाकी पानावर शनिवारचं गणित, 'पुसू नको', सोमवारचा चहा आणि त्यांनी खरोखर फळ्यावर लिहिलेली तीन-चार गणितं येऊ द्या. कुणाच्या तरी जुन्या वहीत ती असतीलच. ग्रुपवर विचारा, आज रात्रीपर्यंत चार फोटो येतील. शिष्यवृत्तीच्या पत्राच्या मागच्या बाजूला हेच पान छापायचं, म्हणजे 'ते सर कोण होते' असं कुणाला विचारावं लागणार नाही.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी सरांच्या पत्नींना भेटा. फोनवर नको, दोघं-तिघं घरी जा. त्यांना नाव वापरलेलं चालेल का, फोटो हवा की नको, हे विचारा. मग गणित विभागात जा, कारण फळ्यावर गणित लिहिण्याचं काम त्यांचं आहे. ते नको म्हणाले तर सगळी योजना बदलावी लागेल. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव त्यानंतर. पैसे सगळ्यात शेवटी हलवा, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्यावर.

आणि मसुदा पक्का करण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यात नवा लागलेला कारकून कोण आहे ते पाहा. त्याला तो वाचायला द्या, शेजारी बसा, मध्ये काही समजावून सांगू नका. तो जिथे थांबून पुन्हा वाचेल, तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करत जा.